तैनाती फौज आणि न विचारलेली गावे

(हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ अणदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



परक्या फौजेला आपल्या भूमीवर तळ द्यावा की नाही, आणि त्याबद्दल लोकांचे मत काय असते, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता हा दिल्लीचा, टोकियोचा, वॉशिंग्टनचा प्रश्न वाटतो. अणदूरला त्याचे काय? पण या देशात ज्या मुलखांनी हा प्रश्न आपल्या शेतसाऱ्यातून सोसला, त्यांत हा मुलूख पुढे आहे. इथून जवळच असलेला नळदुर्ग एके काळी जिल्ह्याचे ठिकाण होता. तो सगळा जिल्हा, म्हणजे आजच्या धाराशिवचा पूर्वज, १८५३ साली एका फौजेच्या पगारापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. सात वर्षांनी तो परत आला. जाताना इथल्या एकाही माणसाला कोणी विचारले नाही. परत येतानाही विचारले नाही.

आज ओकिनावात, फिलिपाइन्समध्ये किंवा मालदीवमध्ये जे वाद पेटतात, ते समजून घ्यायला नळदुर्गची ही हकीकत फार उपयोगी पडते. म्हणून सुरुवात इथूनच.

१७९८ साली निजाम अली खानाने कंपनी सरकारशी तह केला. निजामाच्या पदरी तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेली मोठी पायदळ फौज होती. ती मोडायची आणि तिच्या जागी कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत ठेवून घ्यायच्या, असे ठरले. खर्च अर्थात निजामाचा. शाळेच्या पुस्तकात आपण जिला तैनाती फौज म्हणून शिकतो ती हीच. दोनच वर्षांत, १८०० साली, या फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा, अनंतपूरकडचा मुलूख निजामाने कायमचा सोडून दिला. निजामाला ही फौज का हवी होती? त्याला मराठ्यांची भीती होती. खर्ड्याची लढाई होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. शेजाऱ्याच्या भीतीपोटी दूरच्या बलाढ्याला घरात घ्यायचे, ही या विषयाची सर्वांत जुनी चाल आहे, आणि ती अजून मोडलेली नाही.

पुण्यात नाना फडणीस हे ओळखून होते. ते जिवंत होते तोवर कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात शिरली नाही. १८०० च्या मार्चमध्ये नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह करून तीच फौज आणि तोच खर्च पत्करला. त्याला आपल्याच सरदारांपासून, होळकरांपासून, गादी वाचवायची होती. फौज आली आणि गादी परत मिळाली. पंधरा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, त्याच बाजीरावाला खडकीच्या माळावर त्या फौजेशी लढावे लागले, आणि बाराच दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीरावाने बोलावले ते स्वतःसाठी. किंमत मात्र सगळ्या महाराष्ट्राने दिली.

हैदराबादेत निशाण बदलले नाही. तिथे जे घडले ते अधिक सावकाश घडले, आणि म्हणून अधिक शिकवणारे आहे.

तहाप्रमाणे ठेवलेली फौज एक होती. तिच्या जोडीला दुसरी उभी राहिली, आणि ती कोणत्याही तहात नव्हती. हेन्री रसेल नावाचा कंपनीचा रेसिडेंट आणि दिवाणगिरी सांभाळणारे चंदुलाल या दोघांच्या काळात, १८१३ पासून, निजामाच्या नावाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची एक वेगळी फौज तयार झाली. आधी तिला रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी नेमणार रेसिडेंट, पगार ठरवणार रेसिडेंट, पैसे देणार निजाम. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, लिंगसुगूर, बोलारम अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. ‘सगळे बिचारा निजामच भरतो’ असे या फौजेतले इंग्रज अधिकारी आपसांत म्हणत.

पण निजाम कुठून भरत होता? इथे जरा थांबायला हवे. तिजोरीत पैसा नसे. फौजेचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला हवा. मग हैदराबादेतल्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून कर्ज काढायचे. हा पामर म्हणजे पुण्याला रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीस. हे कर्ज फेडायला परगण्यांच्या वसुलीचे मक्ते द्यायचे. मक्ता घेणारा आपली रक्कम आधी काढून घेई आणि उरलेली दरबारात भरी. म्हणजे औरंगाबादच्या छावणीतल्या कॅप्टनचा पगार शेवटी मोगलाईतल्या कुणब्याच्या खळ्यावरून उचलला जात होता. मध्ये तीन-चार हात होते, एवढेच. चार्ल्स मेटकाफ १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण उघड केले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरी शेवट कसा झाला? आंध्र किनाऱ्यावरच्या ‘उत्तर सरकार’ नावाच्या प्रदेशाबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख पेशकश देत असे. ती कायमची बंद करून, त्या बदल्यात मिळालेल्या रकमेतून पामरच्या पेढीचे देणे चुकवले गेले. पेढी शांत झाली. फौज राहिली, खर्च राहिला, आणि कर्जाचा खड्डा पुन्हा खोदायला सुरुवात झाली.

या खड्ड्याच्या तळाशी नळदुर्ग होता.

१८५१ नंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने थकबाकीचा तगादा लावला. निजाम नासिर-उद्-दौला मुलूख द्यायला तयार नव्हता. आपला मुलूख सोडणे हा राजाला लांच्छन आणणारा प्रकार आहे, असे त्याने रेसिडेंट कर्नल लो याला तोंडावर सांगितल्याची नोंद आहे. पण लष्करी दबावाचे इशारे सुरू झाले आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिव हा पश्चिमेकडचा भाग, मिळून सुमारे पन्नास लाखांच्या वसुलीचा मुलूख, कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून देण्यात आला. जी फौज चाळीस वर्षे तहात नव्हती ती तहात आली ती अशी, पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्यासह. दिवाण सिराज-उल्-मुल्क त्याच महिन्याअखेर वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. तोच सालारजंग.

नळदुर्गचा कारभार पाहायला आलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर. हा माणूस १८२४ पासून निजामाच्याच नोकरीत, म्हणजे याच फौजेच्या व्यवस्थेत वाढलेला होता. ठगांवरच्या त्याच्या कादंबरीमुळे तो इंग्लंडातही नावाजला होता. नळदुर्गच्या दिवसांविषयी त्याने आत्मचरित्रात आपुलकीने लिहिले आहे. रस्ते, तलाव, जमिनीची मोजणी या कामांत तो रमला. अधिकाऱ्याने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेला मजकूर थोडा हातचा राखून वाचावा लागतो. तरीही एवढे मान्य करायला हरकत नाही की मक्तेदारांच्या वसुलीने पिचलेल्या काही गावांना मोजणी करून ठरवलेला सारा बरा वाटला असेल. लोकमताचा विचार करताना ही बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे नाही. परक्याचा कारभार कधी कधी आपल्या धन्याच्या कारभारापेक्षा सुसह्य असतो. म्हणूनच तर लोकांना विचारायला हवे. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे धरून चालता येत नाही.

पण विचारले कोणी? १८५७ च्या धामधुमीत निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर परत देण्यात आले. वऱ्हाड ठेवून घेतले. सालारजंगाने वऱ्हाडासाठी जन्मभर खटपट केली. १८७६ साली तो त्यासाठी विलायतेला जाऊन आला, काही उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या ठरावीक रकमेवर कायमचे भाड्याने लिहून घेतले आणि ते मध्य प्रांताला जोडले गेले. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ एका वाटेने गेले. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव दुसऱ्या वाटेने. आज विधानसभेत विदर्भाचा आणि मराठवाड्याचा अनुशेष वेगवेगळा मोजला जातो. या दोन प्रदेशांची ताटातूट ज्या कारणांनी झाली, त्यांत एका फौजेच्या थकलेल्या पगाराचे कारण मोठे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे.

आता कोणी विचारील, त्या काळात लोकमत होते तरी कुठे? वर्तमानपत्रे नव्हती, मतदान नव्हते, सभा नव्हत्या. खरे आहे. पण मत सांगायला जागा नसली म्हणून मत नसते असे थोडेच आहे? ते दुसऱ्या वाटेने बाहेर येते. हदगावकडे नव्ह्याच्या गढीत हटकरांचा नाईक नौसाजी याने निजामाच्या आणि पर्यायाने रसेलच्या फौजेपुढे मान तुकवली नाही. जानेवारी १८१९ मध्ये गढीला वेढा पडला आणि आतली बहुतेक शिबंदी लढता लढता मारली गेली. त्या लढाईचे नाव फौजेच्या निशाणावर सन्मान म्हणून नोंदवले गेले. मराठवाड्यातल्या एका गढीच्या संहाराचा तो सन्मान! आणि १८५७ च्या जूनमध्ये याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने औरंगाबादेत बंड केले. आपल्याच माणसांवर चालून जायचे नाही, अशी त्यांची धारणा होती. पुण्याकडून आलेल्या तुकडीने ते बंड मोडले आणि शिपायांना देहदंड दिला. उरलेली कंटिंजंट पुढच्या वर्षी सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात गेली. झाशीला आणि काल्पीला राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध जी फौज लढली, तिच्यात ही पलटण होती. तिचा पगार नळदुर्ग, रायचूर आणि वऱ्हाडच्या सारावसुलीतून जात होता. इथल्या शेतकऱ्याला झाशीवर हल्ला करायचा होता का? त्याला ते कळले तरी असेल का?

परक्या तळाबद्दलची पहिली मोठी गोष्ट इथे दिसते. तळ एका कारणाने दिला जातो आणि वापरला जातो दुसऱ्याच कारणासाठी. देणाऱ्याच्या हातात तो वापर राहत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. सिकंदराबादची छावणी १८०६ पासून वसली. सिकंदर जाह या निजामाचेच नाव तिला दिले. पण छावणीच्या हद्दीत आणि रेसिडेन्सीच्या बाजारात निजामाचा कायदा चालत नसे. घर निजामाचे, नाव निजामाचे आणि आत न्याय देणारा रेसिडेंट. आज यालाच फौजेच्या दर्जाविषयीचे करार म्हणतात, आणि लोकांचे मत सर्वांत तीव्रपणे पेटते ते इथेच. पैशावरून कुरकुर होते. अन्यायावरून रस्ते भरतात.

ओकिनावाचे पाहा. जपानच्या एकूण जमिनीपैकी हा प्रांत जेमतेम ०.६ टक्के, आणि जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजेच्या वापरासाठी असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन या एकट्या प्रांतात. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे तीन अमेरिकी सैनिकांनी एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला. जपानी पोलिसांना संशयित हवे होते, पण कराराप्रमाणे आरोप दाखल होईपर्यंत ते अमेरिकी ताब्यातच राहणार होते. ऑक्टोबरमध्ये हजारोंच्या संख्येने लोक एका सभेत जमले. पुढच्या वर्षी दोन्ही सरकारांनी भर वस्तीतला फुतेन्मा हा हवाई तळ परत करण्याचे जाहीर केले, पण त्याच्या बदल्यात त्याच बेटावर हेनोकोजवळ समुद्रात भराव टाकून नवी धावपट्टी बांधायचे ठरले. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी ओकिनावाच्या लोकांनी यावर मतदान केले. सुमारे ७२ टक्क्यांनी भरावाला विरोध नोंदवला. मतदान बंधनकारक नव्हते. भराव चालू राहिला.

इथे एक बारकावा आहे. जपानमध्ये इतरत्र अमेरिकेशी असलेल्या लष्करी कराराला बऱ्यापैकी पाठिंबा असतो. चीन आणि उत्तर कोरिया शेजारी असताना तो समजण्यासारखाही आहे. मग ओकिनावाच विरोधात का? सुरक्षा सगळ्या देशाची आणि भार एका बेटावर, म्हणून. हैदराबादचा दरबार सुरक्षित झाला आणि भार नळदुर्गवर आला, तसेच हे. देशाचे लोकमत आणि तळाशेजारच्या गावाचे लोकमत ही दोन वेगळी मते असतात. त्यांची बेरीज करून सरासरी काढली की गाव बुडते.

छावणीशेजारची सगळी माणसे विरोधात असतात असेही समजू नये. जालन्याच्या, हिंगोलीच्या, अंबाजोगाईच्या छावण्यांभोवती बाजार वाढले, शिंप्यांना आणि चांभारांना काम मिळाले, दाणावैरणीचा व्यापार चालला. शिपायाच्या भरतीने कित्येक घरे तगली. फिलिपाइन्समध्ये सुबिक बंदराच्या अमेरिकी नाविक तळावर शेजारच्या ओलोंगापो शहराची चूल पेटत असे. अलीकडे काही अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकी सैन्य असलेल्या १४ देशांत लोकांची मते तपासली. ज्यांचा सैनिकांशी प्रत्यक्ष संबंध येतो किंवा ज्यांच्या घरात तळामुळे पैसा येतो, त्यांचे मत जास्त अनुकूल आढळले, आणि त्याच लोकांत प्रतिकूल मतही जास्त आढळले. तळाजवळ राहणारा माणूस उदासीन राहू शकत नाही. त्याला कोणाची तरी बाजू घ्यावीच लागते. लांबच्या शहरातला माणूस मात्र ‘सांगता येत नाही’ म्हणून मोकळा होतो.

तिसरी गोष्ट मुदतीची. अणदूरकरांना ही समजावून सांगायची गरज नाही. इथला खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असतो आणि थोडा काळ नळदुर्गला जातो. मूर्ती एक, गावे दोन. कधी न्यायची, कधी परत आणायची याचा लेखी करार दोन्ही गावांची माणसे बसून करतात, आणि तो पाळतात. देवाच्या मुक्कामालाही आपण मुदत घातली. पण सिकंदराबादच्या छावणीला मुदत नव्हती. ती १८०६ मध्ये आली आणि इंग्रज देश सोडून गेले तरी फौज तिथेच होती. गोव्यातही असेच होऊ घातले होते. फ्रेंचांच्या भीतीचे कारण सांगून १७९९ पासून इंग्रजी पलटणी पोर्तुगिजांच्या गोव्यात उतरल्या. युरोपातल्या लढाईचे पारडे फिरल्यावर त्या गेल्या, पण तोवर पणजीतल्या राज्यकर्त्यांना हे पाहुणे जातील की नाही याची धास्ती होतीच. दोना पावलाला त्यांची दफनभूमी आजही आहे.

फिलिपाइन्सने मुदतीचा आग्रह धरला. १९४७ चा करार ९९ वर्षांचा होता. तो कमी करून १९९१ पर्यंत आणला. मग नव्या कराराचा प्रश्न आला. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांना करार हवा होता, त्यासाठी त्या स्वतः मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. तरी १६ सप्टेंबर १९९१ रोजी तिथल्या सिनेटने १२ विरुद्ध ११ अशा एका मताने तो फेटाळला. पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने क्लार्कचा हवाई तळ आधीच गाडला गेला होता. पुढच्या वर्षी सुबिकही रिकामे झाले. इथे गोष्ट संपली असती तर सांगायला सोपी होती. १९९५ मध्ये चीनने मिस्चीफ रीफचा ताबा घेतला. २०१४ च्या नव्या कराराने अमेरिकी सैनिक पाळीपाळीने फिलिपिनी तळांवर येऊ लागले, आणि २०२३ मध्ये अशा जागांची संख्या पाचावरून नऊ झाली. म्हणजे १९९१ चा निर्णय चुकला का? तसे म्हणता येत नाही. तो त्या वेळचा, त्यांच्या प्रतिनिधींनी उघड मतदानाने घेतलेला निर्णय होता. पुढे परिस्थिती बदलली, मतही बदलले. निर्णय आपल्या हातात असेल तर तो बदलताही येतो. नळदुर्गच्या हातात तो कधीच नव्हता.

आता १९४८ कडे यायला हवे, कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांचा तो काळ.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर भारतीय फौज सिकंदराबादहून निघून गेली. निजामाच्या दरबाराने याला विजय मानले. दीडशे वर्षांनी परकी फौज गेली, असे त्यांचे म्हणणे. पण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेल्या, मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांना, निजामाच्या पाठीराख्या रझाकार टोळ्यांच्या भीतीने सोलापूर-बार्शीकडे निघालेल्या कुटुंबांना काय वाटले? त्यांना ती फौज जायला नको होती. त्यांच्या लेखी परकी होती ती निजामाची सत्ता आणि तिच्या आधाराने माजलेले रझाकार. १३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरहून याच रस्त्याने भारतीय सेना निघाली, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि नळदुर्ग पडले. गावोगाव लोकांनी त्या जवानांचे स्वागत केले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. फौज परकी की आपली, हे तहाच्या कागदावर ठरत नाही, ते लोकांच्या मनावर ठरते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आणि तरीही सगळ्या गावांचे, सगळ्या घरांचे मत एक नव्हते. हे आजच्या दिवशी, या ठिकाणी बोललेच पाहिजे. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारवाईनंतरच्या दिवसांत झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडबरोबर. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले पुष्कळ जण रझाकार नव्हते, साधे विणकर, शेतकरी, नोकरदार होते. समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. एकाच रस्त्याने आलेल्या सेनेकडे एका घराने सुटका म्हणून पाहिले आणि शेजारच्या घराने भीतीने. हुतात्म्यांनी ज्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिले त्यात या दुसऱ्या घराचाही वाटा होता. त्यांचे दुःख मोजले नाही तर १७ सप्टेंबरची गोष्ट अपुरी राहते.

एक फरक मात्र नोंदवण्यासारखा आहे. लष्करी गव्हर्नर असलेले जनरल चौधरी यांचा अंमल १९४९ च्या अखेरीस संपला आणि १९५२ मध्ये निवडणूक झाली. या मातीत फौजेच्या उपस्थितीबद्दल बोलण्याचा हक्क सामान्य माणसाला तेव्हा प्रथमच मिळाला.

स्वतंत्र भारताने परक्या फौजेला तळ दिला नाही. यात पक्षभेद आड आला नाही, कारण तैनाती फौजेची आठवण सर्वांच्या रक्तात होती. १९९१ च्या जानेवारीत तिची परीक्षा झाली. आखाती युद्धाच्या वेळी पॅसिफिककडून आखाताकडे जाणारी अमेरिकी हवाई दलाची मालवाहू विमाने मुंबईत इंधन भरून जात असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. चंद्रशेखर यांचे सरकार होते, त्याला बाहेरून काँग्रेसचा टेकू होता. इराक हा भारताचा जुना मित्र, मुंबईकरांच्या ओळखीतले कित्येक जण आखातात कामाला, आणि लोकांना न सांगता विमाने उतरतात! गदारोळ झाला, राजीव गांधींनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ती सोय बंद झाली. विमानात इंधन भरणे म्हणजे तळ देणे नव्हे, हे खरे. लोकांना राग आला तो लपवण्याचा.

पुढे काळ बदलला. २९ ऑगस्ट २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेबरोबर रसद-साहाय्याचा करार केला. एकमेकांच्या विमानांना आणि जहाजांना इंधन, दुरुस्ती, पुरवठा द्यायचा, हिशेब ठेवून पैसे चुकते करायचे. यात तळ देण्याची तरतूद नाही, असे सरकारने स्पष्ट सांगितले, आणि ते करारातही आहे. चीनशी तणाव असताना असा करार करणे शहाणपणाचे आहे, असे मानायला जागा आहे. पण १९९१ मध्ये जी गोष्ट सरकार हलवणारी ठरली, ती पंचवीस वर्षांनी कायमच्या व्यवस्थेत बसली, आणि त्यावर गावपातळीवर किती चर्चा झाली? महाविद्यालयांत झाली का? ग्रामसभेत नाही, पण तालुक्याच्या वाचनालयात तरी झाली का?

आपण केवळ यजमानाच्या जागी नसतो, कधी पाहुण्याच्या जागीही असतो. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला तेव्हा भारतीय छत्रीधारी सैनिक रातोरात माले शहराजवळ उतरले. तिथले सरकार वाचले आणि आपली फौज लवकरच परतली. मालदीवने आभार मानले. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच देशात ‘इंडिया आउट’ अशी चळवळ पेटली. कशावरून? दोन हेलिकॉप्टर, एक डॉर्नियर विमान आणि ते चालवणारे शंभराच्या आत भारतीय लष्करी कर्मचारी. ती विमाने रुग्णांना दूरच्या बेटांवरून उचलून आणण्याचे काम करीत होती. तरीही करारांत काय लिहिले आहे हे आपल्याला सांगितले जात नाही, हा मालदीवच्या लोकांचा आक्षेप होता. २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू त्या मुद्द्यावर निवडून आले आणि १० मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परतले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. आपल्याला त्या घोषणेचा राग आला. राग येणे साहजिक आहे, चळवळीत अतिशयोक्तीही होती. पण नळदुर्गच्या माणसाने क्षणभर मालदीवच्या कोळ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याचा प्रश्न अगदी ओळखीचा वाटेल: कागदावर काय लिहिले आहे, आणि मला का विचारले नाही?

काही देशांनी हा प्रश्न संविधानातच सोडवला. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या संविधानाने परकी फौज, तळ किंवा लष्करी सुविधा सिनेटने मान्य केलेल्या तहाशिवाय येऊ दिली जाणार नाही, आणि काँग्रेसने ठरवल्यास सार्वमतही घ्यावे लागेल, अशी तरतूद केली. इक्वेडोरने २००८ च्या संविधानात परके तळ निषिद्धच केले आणि २००९ मध्ये मांता येथून अमेरिकी गेले. तिथल्या सरकारला अमली पदार्थांच्या टोळ्यांशी लढण्यासाठी ही बंदी उठवायची होती. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांनी लोकांना विचारले. टोळ्यांच्या हिंसेने देश हैराण असतानाही सुमारे ६० टक्क्यांनी नाही म्हटले. राष्ट्राध्यक्षांनी तो कौल मान्य केला.

आणि भारतात? आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतील चौदावी नोंद परराष्ट्रांशी तह आणि करार करण्याची आहे. संसद त्यावर कायदा करू शकते. कोणते करार आधी संसदेपुढे आले पाहिजेत, कोणते जनतेसमोर उघडे ठेवले पाहिजेत, कोणत्या जिल्ह्याच्या जमिनीवर परिणाम होणार असेल तर तिथल्या लोकांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सारे त्या कायद्यात येऊ शकते. आज करार करण्याचा अधिकार सरकारचा आहे, संसदेची संमती घेणे सक्तीचे नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान आढावा आयोगाने २००२ च्या अहवालात असा कायदा करावा अशी शिफारस केली होती. त्यानंतर सर्व प्रमुख पक्ष सत्तेत येऊन गेले. तो कायदा अजून झालेला नाही. धाराशिवच्या खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, याबद्दल विचारण्याचा हक्क १८५३ मध्ये इथल्या आजोबा-पणजोबांना नव्हता. या सभागृहातल्या प्रत्येकाला तो आहे, आणि पुढच्या वेळी ते गावात आले की त्यांना हा प्रश्न विचारावा, एवढी विनंती आहे.